छोट्या ऑफिसच्या नेटवर्कवर सामायिक कॅलेंडर: बसवायचं कसं, अडतं कुठे

जोडतार :

ऑफिसातल्या दहा-पंधरा जणांना एकच कॅलेंडर दिसावं, त्यात ठरावीक लोकांनाच लिहिता यावं आणि तेच फोनवरही उघडावं, एवढीच बहुतेकांची गरज असते. पण चर्चा दर वेळी "कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" इथून सुरू होते आणि तिथेच भरकटते. म्हणून हा वेगळा धागा.

सॉफ्टवेअर नंतर. आधी कागदावर हे उतरवा: कॅलेंडरं किती आणि कोणती, प्रत्येकात लिहिणार कोण आणि नुसतं बघणार कोण, कोणत्या संगणकांवर-फोनवर कोणतं ॲप आहे, आणि ऑफिसच्या बाहेरून लागणार आहे का. साधारणपणे तीन कॅलेंडरं पुरतात: रजा, बैठकीची खोली, बाहेरची कामं. दर माणसामागे एक, दर प्रकल्पामागे एक असं सुरू केलंत की एक ना धड भाराभर चिंध्या; महिन्याभरात लोक सगळ्यांसमोरची खूण काढून टाकतात.

सर्वांत जास्त फसणारा उपाय म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये फाइल ठेवणं. आउटलुकची पीएसटी फाइल (ज्यात तो मेल आणि कॅलेंडर साठवतो) तशी ठेवली तर दोन जणांना ती एकाच वेळी उघडता येत नाही, आणि नेटवर्क क्षणभर तुटलं तरी फाइल बिघडू शकते. नेटवर्कवरून पीएसटी वापरण्याला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. आयसीएस फाइलचा (कॅलेंडरच्या नोंदींची मजकूर-फाइल) प्रकार जास्त फसवा, कारण तो चालल्यासारखा वाटतो. बदल केला की क्लायंट (संगणकावरचं कॅलेंडर ॲप) पूर्ण फाइल नव्याने लिहितो. पहिल्याने ९:५० ला फाइल वाचली, दुसऱ्याने ९:५५ ला नोंद टाकली, पहिल्याने १०:०० ला आपली नोंद जतन केली, की दुसऱ्याची नोंद गेली. कुठलीही सूचना येत नाही.

कॅलडॅव या कॅलेंडर सर्व्हरशी बोलण्याच्या मानकात (आरएफसी ४७९१, २००७) ही भानगड मुळातच नाही. प्रत्येक नोंद सर्व्हरवर स्वतंत्र वस्तू असते आणि तिला आवृत्तीची खूण असते, तिला ईटॅग म्हणतात. क्लायंट बदल पाठवताना सांगतो, "ईटॅग अजून हाच असेल तरच बदल." मध्ये कोणी हात लावला असेल तर सर्व्हर ४१२ हा नकार देतो. दोघांनी दोन वेगळ्या नोंदी बदलल्या तर टक्कर होतच नाही.

ऑफिसचा मेल आधीपासून गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असेल तर तिथलंच कॅलेंडर वापरा, वेगळा सर्व्हर बसवू नका. खाली चर्चा होईल ती मुख्यतः ज्यांचा मेल साध्या होस्टिंगवर आहे त्यांच्यासाठी. आणि दहा जणांसाठी स्वतःचा एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) उभारणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड, त्यावर इथे वेळ घालवू नये ही विनंती.


कोरा_कागद :

आमचं नेमकं तसंच आहे. मेल होस्टिंगवाल्याकडे. सहा विंडोज संगणक आउटलुकसह, दोन मॅक, फोन बहुतेक अँड्रॉइड, दोन आयफोन. एक छोटा पीसी रिकामा आहे, त्यावर डेबियन लिनक्स टाकता येईल. इंटरनेट अधूनमधून जातं, म्हणून सर्व्हर ऑफिसातच हवा. काय बसवू?


रात्रपाळी :

रॅडिकेल. पायथनमध्ये लिहिलेला लहानसा सर्व्हर आहे, डेटाबेस लागत नाही, प्रत्येक नोंद साध्या आयसीएस फाइलमध्ये डिस्कवर राहते. क्रम असा ठेवा.

पीसीचा पत्ता कायम करा. राउटरमध्ये त्या पीसीच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) डीएचसीपी आरक्षण करा, म्हणजे त्याला दर वेळी तोच पत्ता मिळेल. हे विसरलं की राउटर एकदा बंद-चालू झाल्यावर सगळ्यांचं कॅलेंडर एकदम "गायब" होतं. नाव देताना शेवटी "डॉट लोकल" लावू नका, ते मल्टिकास्ट डीएनएससाठी (सर्व्हरशिवाय आतल्या नेटवर्कवर नावं शोधण्याची पद्धत) राखीव आहे. काही उपकरणांवर चालतं, काहींवर नाही. ऑफिसच्या स्वतःच्या डोमेनखाली एक उपनाव घ्या, पुढे प्रमाणपत्राला उपयोगी पडेल. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग चालू करा. कालविभाग बरोबर लावा आणि घड्याळ एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी पद्धत) जोडा.

मग पॅकेज: रॅडिकेल, आणि एचटीपासडब्ल्यूडी ही पासवर्डची फाइल बनवणारी आज्ञा मिळण्यासाठी अपाची-टू-यूटिल्स. वापरकर्ते तयार करताना बीक्रिप्टसाठी (पासवर्ड सांकेतिक रूपात साठवण्याची पद्धत) मोठ्या बी चा पर्याय द्या आणि पायथनचं बीक्रिप्ट पॅकेजही टाका, नाहीतर पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश मिळणार नाही. महत्त्वाचं: फाइल नव्याने बनवण्याचा छोट्या सी चा पर्याय फक्त पहिल्या वापरकर्त्याला. दुसऱ्या वापरकर्त्याला तो दिला की आधीची फाइल पुसून नवी बनते आणि पहिला बाहेर.

कॉन्फिग फाइलमध्ये तीन ठिकाणी लक्ष द्या.

"होस्ट्स": मूळ सेटिंग लोकलहोस्ट, पोर्ट ५२३२. म्हणजे सर्व्हरवर उघडतं, दुसऱ्या संगणकावर नाही. सुरुवातीच्या चाचणीसाठी ०.०.०.० करा. कायमच्या वापराला मात्र लोकलहोस्टच राहू द्या आणि पुढे एन्जिनएक्स (विनंत्या घेऊन आत पाठवणारा वेब सर्व्हर) ४४३ या एचटीटीपीएसच्या, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या, पोर्टवर बसवा.

"ऑथ": जुन्या आवृत्त्यांत काहीच लिहिलं नाही तर कोणालाही आत प्रवेश, ३.५ पासून काहीच लिहिलं नाही तर सगळ्यांना नकार. दोन्ही बाबतीत प्रकार स्वतः लिहिणं हाच उपाय.

"राइट्स": फाइलमधून हक्क वाचायला सांगा. खरी गोम इथे आहे, वेगळा प्रतिसाद देतो.

फायरवॉलमध्ये ते पोर्ट फक्त ऑफिसच्या आतल्या पत्त्यांना उघडा, म्हणजे १९२.१६८.१.०/२४ किंवा तुमचा जो पट्टा असेल तो.


रात्रपाळी :

हक्कांबद्दल. फाइलमधले नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला जुळतो तोच लागू होतो. "सर्वांना लिहायला मुभा" असा सैल नियम वर ठेवला की खालचे सगळे नियम शोभेचे. नेमके नियम वर, सैल खाली.

मोठ्या-छोट्या अक्षरांत फरक आहे. मोठा आर (वाचणं) आणि मोठा डब्ल्यू (लिहिणं) हे वापरकर्त्याच्या मुख्य फोल्डरसाठी. छोटा आर आणि छोटा डब्ल्यू प्रत्यक्ष कॅलेंडरसाठी. कॅलेंडरला मोठी अक्षरं दिली की प्रवेश बरोबर होतो पण नोंद जतन होत नाही, आणि माणूस पासवर्ड तपासत बसतो.

"ऑफिस" नावाचा एक वेगळा वापरकर्ता करा आणि तिन्ही सामायिक कॅलेंडरं त्याच्याखाली बनवा. कोणा माणसाच्या खात्याखाली बनवू नका. मग नियम: ऑफिसच्या रजा-कॅलेंडरला ठरलेल्या दोघांना छोटे आर-डब्ल्यू, बाकी सर्वांना छोटा आर, खोलीच्या कॅलेंडरला सर्वांना आर-डब्ल्यू, शेवटी प्रत्येकाला स्वतःच्या फोल्डरवर पूर्ण हक्क.

आता अडचण. फोनवरचे क्लायंट फक्त वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरखालची कॅलेंडरं शोधतात. "ऑफिस"खालच्या कॅलेंडरचा हक्क असला तरी ते यादीत येत नाही. थंडरबर्डमध्ये पूर्ण पत्ता देऊन जोडता येतं, फोनवर अडतं. तोडगा म्हणजे डिस्कवर प्रत्येक वापरकर्त्याच्या फोल्डरात सामायिक कॅलेंडरच्या फोल्डरचा सिमलिंक (मूळ फोल्डरकडे नेणारा दुवा) ठेवणं.

पण सिमलिंक ठेवला की ते कॅलेंडर "स्वतःच्या" फोल्डरखाली दिसतं, म्हणजे शेवटच्या नियमाने त्याला लिहिण्याचा हक्कही मिळतो! म्हणून त्या नियमाच्या वर आणखी एक: कोणत्याही वापरकर्त्याखालच्या "रजा" नावाच्या कॅलेंडरला फक्त छोटा आर. आणि ज्या दोघांना लिहायचंय त्यांचा नियम त्याच्याही वर. एखाद्याने फोनवरून आख्खं कॅलेंडर पुसू नये म्हणून नव्या आवृत्त्यांमध्ये पूर्ण कॅलेंडर पुसण्याची मुभा देणारी सेटिंग आहे, ती बंद ठेवा.


पिवळी_केबल :

रात्रपाळींचं सगळं बरोबर आहे, पण कोरा_कागद यांच्या ऑफिसात हे पुढे सांभाळणार कोण? सिमलिंक आणि हक्कांचे नियम बसवणाऱ्याला समजतात; त्याच्यानंतरच्याला नाही. नेक्स्टक्लाउड (फाइली आणि कॅलेंडरं सामायिक करणारा सर्व्हर) जड आहे, कबूल. पीएचपी, डेटाबेस, सगळा पसारा. पण तिथे कॅलेंडरच्या नावापुढचं शेअरचं बटण दाबून गटाचं नाव टाकायचं आणि "बदल करू शकतात" ही खूण करायची की नाही एवढं ठरवायचं. सामायिक कॅलेंडर प्रत्येकाच्या स्वतःच्या यादीत येतं, त्यामुळे फोनला शोधायला काही अडचण नाही.

शिवाय प्रत्येक नोंदीला "शेअर केल्यावर पूर्ण दिसावी / फक्त व्यग्र दिसावी / दिसूच नये" असा पर्याय आहे. रॅडिकेलमध्ये हे नाही. नोंदीवर "खाजगी" असं लिहिलं तरी सर्व्हर ती लपवत नाही, सगळ्यांना पाठवतोच. लपवणं क्लायंटच्या मर्जीवर. रजेच्या कारणात कोणी आजाराचं नाव लिहिलं तर ते सगळ्या ऑफिसला दिसेल.

पुसलेली नोंद नेक्स्टक्लाउडमध्ये ३० दिवस कचरापेटीत राहते, हाही मोठा फायदा.

बसवताना दोन गोष्टी हमखास राहतात. पार्श्वभूमीची कामं क्रॉनवर (ठरल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय), दर ५ मिनिटांनी लावा. मूळ सेटिंगमध्ये ती कोणीतरी पान उघडल्यावरच चालतात, त्यामुळे आठवणीचे मेल रात्रीचे अडकून सकाळी एकदम येतात. आणि वेब सर्व्हरवर "वेल-नोन"खालच्या कॅलडॅवच्या पत्त्याचं पुनर्निर्देशन टाका. ते नसेल तर आयफोनवर नुसतं सर्व्हरचं नाव देऊन खातं जोडलं जात नाही, लांबलचक पत्ता हाताने टाकावा लागतो.

माझं मत: गट आणि गोपनीयता हवी असेल तर नेक्स्टक्लाउड. तीन कॅलेंडरं, कधी न बदलणारे हक्क आणि सर्व्हर सांभाळणारा हाताशी असेल तर रॅडिकेल.


उंटावरचा :

आतल्या नेटवर्कवरच चालणार असेल तर एचटीटीपीएसची गरज आहे का? प्रमाणपत्राचा खटाटोप टाळता आला तर बरं.


बिनतारी :

गरज आहे. कॅलडॅव क्लायंट साधारणपणे बेसिक पद्धतीने ओळख पटवतात, म्हणजे प्रत्येक विनंतीबरोबर पासवर्ड बेस-६४ मध्ये जातो. ते लपवणं नव्हे, नुसतं वेगळ्या लिपीत लिहिणं. त्याच वायफायवर पाहुण्यांचे फोन असतील तर झालंच.

स्वतः सही केलेलं प्रमाणपत्र चालतं, पण प्रत्येक उपकरणावर बसवावं लागतं. आयफोनवर प्रोफाइल टाकून भागत नाही. "अबाउट"च्या तळाशी प्रमाणपत्रांवरच्या विश्वासाची वेगळी यादी असते, तिथे ते चालू करावं लागतं. आयओएस १३ पासून मुदत ८२५ दिवसांपेक्षा जास्त असलेलं सर्व्हर प्रमाणपत्र नाकारलं जातं, आणि सर्व्हरचं नाव पर्यायी नावांच्या रकान्यात असावंच लागतं. "दहा वर्षांचं बनवून टाकतो, कटकट नको" असं करणाऱ्यांचं आयफोनवर तिथेच अडतं.

यापेक्षा लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून प्रमाणपत्र घेणं सोपं. सर्व्हर बाहेरून उघडा असण्याची गरज नाही. डीएनएसच्या (डोमेनची नावं आणि पत्ते यांच्या नोंदींच्या) पद्धतीने मालकी सिद्ध करा. डोमेनमध्ये एक टीएक्सटी नोंद टाकली जाते, तपासली जाते, प्रमाणपत्र मिळतं. ते ९० दिवसांचं असतं, म्हणून नूतनीकरण आपोआप झालंच पाहिजे, आणि नूतनीकरणानंतर एन्जिनएक्सला नवं प्रमाणपत्र वाचायला सांगणारी आज्ञाही जोडा. ती विसरली की डिस्कवर नवं प्रमाणपत्र असूनही सर्व्हर जुनंच दाखवत राहतो.

डोमेनच्या नोंदीत आतला खाजगी पत्ता दिला तर काही राउटर ते उत्तर अडवतात, कारण डीएनएस रीबाइंडिंगपासून (बाहेरच्या नावाआडून आतल्या यंत्रापर्यंत पोचण्याची युक्ती) संरक्षण चालू असतं. नाव सापडत नाही असं दिसलं तर आधी हे तपासा. राउटरच्या स्वतःच्या डीएनएसमध्ये ती नोंद टाकली की काम होतं.


कोरा_कागद :

समजलं. प्रमाणपत्र डीएनएसने घेतो. आता आउटलुकचं काय? खातं जोडताना कॅलडॅव कुठे दिसतच नाही.


रात्रपाळी :

दिसणार नाही. जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकला कॅलडॅव येत नाही. त्यासाठी "आउटलुक कॅलडॅव सिंक्रोनायझर" नावाचं मुक्त स्रोत जोड-सॉफ्टवेअर आहे. नव्या आउटलुकमध्ये तसली जोड-सॉफ्टवेअरं चालतच नाहीत, कारण त्यांना लागणारी कॉम पद्धत त्यात काढून टाकली आहे. म्हणजे उजवीकडे वर दिसणारं "नवं आउटलुक" हे बटण कोणी दाबलं की त्या संगणकावरचं सामायिक कॅलेंडर थांबलं. सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

जोडताना प्रत्येक सर्व्हर-कॅलेंडरसाठी आउटलुकमध्ये वेगळं रिकामं कॅलेंडर फोल्डर बनवा. मूळ "कॅलेंडर" फोल्डर कधीही जोडू नका. नाहीतर त्या माणसाच्या खाजगी भेटी पहिल्याच सिंकमध्ये सगळ्या ऑफिसच्या कॅलेंडरात ओतल्या जातात. पहिली सिंक सर्व्हरकडून आउटलुककडे अशी एकमार्गी ठेवा, नोंदी मोजून बघा, मग दुहेरी करा. ज्यांना फक्त वाचायचं आहे त्यांची एकमार्गीच राहू द्या. दुहेरी ठेवली तर त्यांनी केलेला बदल त्यांच्या पडद्यावर दिसतो, सर्व्हर नाकारतो, आणि त्यांना वाटतं नोंद झाली.

ज्या संगणकांवर आउटलुकचा हट्ट नाही तिथे सरळ थंडरबर्ड टाका. नवं कॅलेंडर, नेटवर्कवर, वापरकर्ता आणि पत्ता. "ऑफलाइन पाठिंबा" ही खूण ठेवा आणि ताजं करण्याचा काळ ३० मिनिटांवरून ५ वर आणा. "माझी नोंद दुसऱ्याला दिसत नाही" या तक्रारींतल्या बऱ्याच या काळामुळेच असतात.


बिनतारी :

फोनचं पण लिहून ठेवतो.

अँड्रॉइडमध्ये कॅलडॅव अंगभूत नाही. डॅव-एक्स-फाइव्ह हे ॲप लागतं. खातं जोडलं की कॅलेंडरांची यादी येते, त्यात हवी त्यांच्यावर खूण करावी लागते. नुसतं खातं जोडून काहीच दिसत नाही. मग सिंकचा काळ बदला, १५ मिनिटांपेक्षा कमी होत नाही. आणि त्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळा. हे वगळलं नाही तर दोन दिवस चालतं, मग थांबतं, ॲप उघडलं की पुन्हा चालतं. हे लक्षण दिसलं की सर्व्हरकडे बघूच नका.

आयफोनवर कॅलेंडरच्या खात्यांत "अदर", मग कॅलडॅव. स्वतःच्या सर्व्हरला पुश (सर्व्हरने स्वतः कळवणं) नसतं, फेच (फोनने ठरावीक काळाने विचारणं) असतं. फेचची सेटिंग "ऑटोमॅटिक" असेल तर फोन चार्जिंगवर आणि वायफायवर असतानाच मागून माहिती आणतो. १५ मिनिटांवर ठेवा.

दोन्ही प्रकारच्या फोनवर नव्या नोंदीचं मूळ कॅलेंडर कोणतं आहे ते बघा. ते "रजा" राहिलं तर दंतवैद्याची भेट रजेत पडते.


निळी_शाई :

दोन प्रश्न. पूर्ण दिवसाची रजा काही संगणकांवर एक दिवस आधी दिसते. आणि एकाने लावलेली आठवण सगळ्यांच्या संगणकावर वाजते, हे थांबवता येतं का?


जोडतार :

पहिलं. आयकॅलेंडरमध्ये (आरएफसी ५५४५) पूर्ण दिवसाची नोंद म्हणजे नुसती तारीख, वेळ नाही. काही प्रोग्राम आणि एक्सेलवरून बनवलेल्या फाइली ती "मध्यरात्र ते मध्यरात्र" अशी वेळेसकट लिहितात आणि यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) रूपांतर करतात. यूटीसीच्या पुढे असलेल्या कालविभागात मध्यरात्र यूटीसीमध्ये आदल्या दिवशी पडते, म्हणून रजा सरकते. रॅडिकेल असेल तर ती नोंद मजकूर म्हणून उघडून बघा: सुरुवातीच्या ओळीत तारखेनंतर टी आणि वेळ असेल तर ती चुकीची बनली आहे. क्लायंटमध्ये "पूर्ण दिवस" ही खूण काढून, परत लावून जतन करा. खूप नोंदी असतील तर मूळ फाइलच दुरुस्त करून पुन्हा आणा.

त्याचीच बहीण: शेवटची तारीख नोंदीत धरली जात नाही. ५ ते ७ तारखेची रजा असेल तर फाइलमध्ये शेवट ८ लिहावा लागतो. एक्सेलमधून आणताना ७ लिहिलं की रजा दोनच दिवसांची दिसते. हा घोळ लक्षात येईपर्यंत पगाराचा हिशेब झालेला असतो.

दुसरं. आठवण ही नोंदीचाच भाग असते, म्हणून ती नोंद ज्याच्याकडे पोचते त्याच्याकडे वाजते. सामायिक कॅलेंडरात आठवण लावायचीच नाही असा नियम करा, आणि क्लायंटमध्ये त्या कॅलेंडरपुरत्या आठवणी बंद करा. थंडरबर्डमध्ये कॅलेंडरच्या गुणधर्मांत तशी खूण आहे. थंडरबर्डबद्दल आणखी एक: आठवण बंद केली की तो त्याची वेळ नोंदीतच लिहून सर्व्हरला पाठवतो. म्हणजे एकाने बंद केलेली आठवण दुसऱ्या थंडरबर्डवरही मिटते, आणि काहीही न बदलता नोंद "बदललेली" दिसते.


आडवा_छेद :

खोलीच्या कॅलेंडरबद्दल कोणी बोललं नाही. एकाच वेळी दोन बैठका पडू नयेत याची हमी यातलं कोण देतं?


पिवळी_केबल :

साधं सामायिक कॅलेंडर देत नाही. ईटॅग एकाच नोंदीवरची टक्कर पकडतो; एकाच वेळेच्या दोन वेगळ्या नोंदी त्याच्या दृष्टीने दोन बिनचूक नोंदी आहेत. रॅडिकेलवर खोलीसाठी "आधी बघा, मग लिहा" एवढाच नियम. एका खोलीला तेवढा पुरतो.

खात्रीच हवी असेल तर खोलीला स्वतंत्र खातं देणारी व्यवस्था लागते, जी निमंत्रण स्वीकारते किंवा नाकारते. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये खोलीची मेलबॉक्स असते, तिला परवाना लागत नाही. तिच्या मूळ सेटिंगनी बरेच जण गोंधळतात:

बैठकीचा विषय पुसला जातो आणि त्याजागी बोलावणाऱ्याचं नाव येतं. हा बिघाड नाही, गोपनीयतेसाठी तसं ठेवलं आहे. विषय पुसण्याची आणि नाव जोडण्याची अशा दोन वेगळ्या सेटिंग आहेत, दोन्ही पॉवरशेलमधून (आज्ञा टाइप करून) बंद करा.

१८० दिवसांच्या पुढचं आरक्षण नाकारलं जातं. दर सोमवारची, शेवटची तारीख नसलेली बैठक टाकली तर ती मालिका पूर्णच नाकारली जाते. शेवटची तारीख सहा महिन्यांच्या आत द्या किंवा मुदत वाढवा.

मालिकेतली एक जरी बैठक दुसऱ्या आरक्षणावर पडली तरी पूर्ण मालिका नाकारली जाते, कारण चालणाऱ्या टकरींची मर्यादा शून्य असते. ती दोन-तीन केली तर तेवढ्याच बैठका नाकारून बाकीची मालिका स्वीकारली जाते.

आणि ३६५ मध्ये सहकाऱ्यांना मुळात फक्त मोकळा-व्यग्र एवढंच दिसतं. रजेचं कॅलेंडर सर्वांना वाचता यावं म्हणून शेअर्ड मेलबॉक्स काढा आणि तिच्या कॅलेंडरवर सर्वांना "रिव्ह्यूअर" (फक्त वाचण्याचा हक्क) द्या.


निळी_शाई :

गूगलवाल्यांसाठी भर: नवं कॅलेंडर बनवणं आणि शेअर करणं ब्राउझरमधून करा. आयफोनच्या स्वतःच्या कॅलेंडर ॲपमध्ये शेअर केलेली कॅलेंडरं दिसत नसतील तर गूगलच्या सिंक-निवडीच्या पानावर जाऊन प्रत्येकावर खूण करावी लागते. आणि बाहेरचं आयसीएस कॅलेंडर पत्ता देऊन जोडलं तर ते ताजं व्हायला कित्येक तास लागतात, त्यामुळे रोज बदलणाऱ्या गोष्टीला तो मार्ग निरुपयोगी. "गुप्त पत्ता" म्हणून जी लिंक मिळते ती पासवर्डइतकीच जपा. ज्याच्याकडे ती पोचली त्याला पासवर्डाशिवाय सगळं वाचता येतं.


उंटावरचा :

ऑफिसबाहेरून बघायला राउटरवर ४४३ पोर्ट आत वळवलं तर?


बिनतारी :

हात दाखवून अवलक्षण. पोर्ट उघडल्यापासून पासवर्ड ओळखू पाहणारी यंत्रं दारात येतील, आणि ऑफिसातला सर्व्हर दर आठवड्याला अद्ययावत करणारं तिथे कोणी नसतं. वायरगार्ड (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याची सुरक्षित वाट, म्हणजे व्हीपीएन) बसवा, यूडीपी ५१८२० एवढं एकच पोर्ट उघडा. चावी जुळली नाही तर तो उत्तरच देत नाही. फोनवर फक्त ऑफिसच्या नेटवर्कचा पट्टाच त्यातून जाऊ द्या, सगळं इंटरनेट नको, नाहीतर फोन मंद झाल्याची तक्रार येईल. घर आणि ऑफिस दोन्हीकडचं नेटवर्क १९२.१६८.१.० असेल तर जोडणी होऊनही सर्व्हर सापडत नाही, कारण फोन त्याला घरच्या नेटवर्कवरच शोधतो. ऑफिसचा पट्टा आधीच वेगळा ठेवलेला बरा.


रात्रपाळी :

बॅकअपबद्दल. कॅलेंडरच्या सिंकला कोणी बॅकअप समजू नये. एकाने पुसलं की पंधरा मिनिटांत सगळीकडून पुसलं जातं.

रॅडिकेलमध्ये डेटाचं फोल्डर गिटमध्ये (प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर आज्ञा चालवण्याची जी सोय आहे तिच्यात गिटची नोंद जोडा, वापरकर्त्याच्या नावासकट. "माझी रजा कोणी काढली?" याचं उत्तर मग एका आज्ञेत मिळतं आणि ती एकच नोंद परत आणता येते. कॅशचं आणि लॉकचं फोल्डर गिटमधून वगळा. शिवाय रोज रात्री ते फोल्डर, कॉन्फिग, हक्कांची फाइल आणि पासवर्डची फाइल दुसऱ्या यंत्रावर.

नेक्स्टक्लाउडमध्ये कॅलेंडरं फाइलींच्या फोल्डरात नसतात, डेटाबेसमध्ये असतात. डेटा फोल्डर उचलून बॅकअप झाला असं समजू नका. देखभालीचा मोड चालू करून डेटाबेसची प्रत काढा, कॉन्फिगही घ्या. वर्षातून एकदा तरी दुसऱ्या यंत्रावर ती उभी करून बघा.


कोरा_कागद :

रॅडिकेलच बसवतोय. शेवटची शंका: आउटलुकमध्ये जुन्या नोंदी आहेत त्या कशा आणू, आणि कोणी नोकरी सोडली तर काय करायचं?


जोडतार :

आणताना एकाच संगणकावरून आणा. प्रत्येकाने आपापली प्रत चढवली की एकच बैठक सहा वेळा दिसेल, कारण प्रत्येक नोंदीची ओळख यूआयडीवर (तिच्या स्वतंत्र क्रमांकावर) ठरते आणि हाताने टाकलेल्या नोंदींचा यूआयडी दर संगणकावर वेगळा असतो. आधी "चाचणी" नावाचं कॅलेंडर काढून त्यात आणा. दर आठवड्याच्या बैठका, पूर्ण दिवसाच्या रजा आणि मालिकेतून मध्येच हलवलेली एखादी बैठक, हे तीन प्रकार डोळ्यांनी तपासा. मग खऱ्या कॅलेंडरात. वर्षाआधीच्या नोंदी आणू नका, आयसीएस फाइल म्हणून बाजूला ठेवा.

सोडून जाणाऱ्याचं: सामायिक कॅलेंडरं "ऑफिस" खात्याखाली असल्यामुळे त्याची ओळ पासवर्डच्या फाइलमधून काढली, सिमलिंक काढले आणि हक्कांच्या नियमांतलं नाव बदललं की झालं. वायरगार्डमधली त्याची चावीही काढा, ती हमखास राहते. त्याच्या फोनवर आधी उतरलेल्या नोंदी तशाच असतील, त्या सर्व्हरवरून मागे घेता येत नाहीत. खातं त्याच्यासमोरच फोनमधून काढून घ्या. गूगल-मायक्रोसॉफ्टवर असाल तर खातं पुसण्याआधी त्याच्या मालकीची कॅलेंडरं दुसऱ्याकडे सोपवा, क्रम उलटा झाला तर ती त्याच्याबरोबर जातात.


पिवळी_केबल :

"ऑफिस" खात्याचा पासवर्ड मात्र कोणालाच वाटू नका. एकदा तो सगळ्यांच्या फोनमध्ये गेला की गिटमध्ये प्रत्येक बदलापुढे "ऑफिस" हेच नाव दिसेल.


कोरा_कागद :

अगदी. तो कागदावर लिहून पाकिटात बंद करून ठेवतो. सर्व्हर उभा झाला की हक्कांची फाइल इथे टाकेन, एकदा नजर घाला.